आईची पाटी

ऑगस्ट २०११ मधला तो शनिवार तुमच्यापैकी काहींना आठवत असेल. दुकान उघडायच्या आधीच रांग, आणि सगळ्यांच्या तोंडी एकच आकडा: ९९ डॉलर. जुलैत ४९९ ला निघालेला एचपीचा टचपॅड. रांगेत मीही होतो.

तेव्हा बालवाडीत असलेल्यांसाठी थोडं मागचं सांगतो. आपल्या बे एरियात एचपी म्हणजे घरची कंपनी. पालो आल्टोतलं तिचं ते गॅरेज आपण भारतातून आलेल्या पाहुण्यांना हमखास दाखवतो. पडद्याला बोट लावून चालणारा संगणक, एचपी-१५०, तिने १९८३ सालीच विकायला काढला होता. तरी टॅबलेटच्या पंगतीला ती बसली पहिल्या आयपॅडनंतर पंधरा महिन्यांनी, १.२ अब्ज डॉलरला विकत घेतलेल्या पाम कंपनीची वेबओएस प्रणाली घेऊन. तोवर आयपॅड २ आलेला. टचपॅड त्याच्याहून जाड आणि जड, ॲप्स मोजकी, किंमत मात्र तीच. १ जुलैला विक्री सुरू झाली, १८ ऑगस्टला कंपनीने गाशा गुंडाळत असल्याचं जाहीर केलं.

उशिरा आलेल्याला आपण वाढतोच की. पण पहिला भात संपायच्या आत पानावरून उठायचं?

अर्थात उशिराबद्दल बोलायचा मला अधिकार नाही. बाबा गेले तेव्हा मी मिरजेला तिसऱ्या दिवशी पोहोचलो. त्यानंतर दरवर्षी आईला फोनवर 'पुढच्या दिवाळीला नक्की' म्हणत होतो. माझी मुलगी दोन वर्षांची झाली, तरी आजीने तिला फक्त फोटोत पाहिलेलं. भावाच्या संगणकाला आई हात लावत नसे. "बिघडला तर?"

डिसेंबरात आम्ही तिघं गेलो. टचपॅड तिच्या मांडीवर ठेवला. ती म्हणाली, "पाटी आहे होय!" मग तेच नाव पडलं. आणि एक गंमत झाली. वेबओएसमध्ये उघडलेली प्रत्येक गोष्ट पत्त्यासारखी दिसायची, नको असलेला पत्ता बोटाने वर भिरकावला की बंद. आख्खी उन्हाळ्याची सुट्टी झब्बू खेळवणाऱ्या बाईला यात शिकवायचं काय? व्हिडिओ कॉलसाठी स्काईप आतच होतं. आम्ही परत आल्यावर पहिल्याच रविवारी पाटीवरून तिचा फोन आला: अर्धं कपाळ, वर फिरणारा पंखा, आणि "दिसतेय का रे मी?"

मी तिला खरं सांगून टाकलं, की ही कंपनीने बंद केलेली वस्तू आहे. ती म्हणाली, "त्यांनी बंद केली. मी कुठं केलीय?" जुन्या खणाचं कव्हर शिवून तिने ती चार वर्षं वापरली.

कंपनीने वेबओएस पुढे एलजीला विकली, आणि एलजीने ती टीव्हीत घातली. २०१५ च्या दिवाळीला (हो, गेलो एकदाचा) भावाने नवा टीव्ही घेतला होता. बटण दाबल्यावर पडद्याच्या तळाशी रंगीत पत्त्यांची ओळ उमटली. आई खुर्चीतून उठली, चष्मा सारखा केला, टीव्हीजवळ गेली आणि बोटाने एक पत्ता वर ढकलून पाहू लागली.

"आई, रिमोट!" भाऊ ओरडला.