कायद्याचा डोळा नळीवर, पुंगळीवर कुणाचा?

मंडळी, इथे टेक्सासमध्ये माझे शेजारी गॅरेजमध्ये बसून रायफलची काडतुसं स्वतः भरतात. स्वतःपुरती भरायला फेडरल लायसन्स लागत नाही. भारतात परवान्याशिवाय काडतूस बनवणं हा गुन्हा, त्यामुळे मला आधी नवलच वाटलं.

गोळी आवाजाच्या वेगाखाली, म्हणजे सेकंदाला साधारण ३४० मीटरच्या आत राहिली की हवेतला तो 'कडाड' होत नाही. त्यासाठी काहीजण पिस्तुलाची झटपट जळणारी दारू अगदी थोडी वापरतात. गोम तिथेच आहे. मोठ्या पुंगळीत ती तळाशी बसते. चुकून दोनदा पडली तरी पुंगळी रिकामीच वाटते. मग रायफल फुटू शकते. हात, डोळे, सगळंच पणाला.

सायलेन्सरवर १९३४ पासून २०० डॉलर कर होता, तो २०२६ पासून शून्य झाला. नोंदणी आहेच. सगळा वाद त्या नळीवर! पुंगळीत काय पडलं ते सरकार बघत नाही.

शेजारी गोळी बसवण्याआधी प्रत्येक पुंगळीत टॉर्च मारतात, फोन घरात ठेवतात. हे कुठल्या कायद्यात लिहिलेलं नाही. पण रेंजवर बाजूच्या लेनमध्ये आपलीच पोरं उभी असतात. म्हणून ओळखीत कुणी भरत असेल तर बिनधास्त विचारा: प्रत्येक पुंगळी बघता ना?