टिल्डवाल्या फायली

ईमॅक्समध्ये एखादी फाइल उघडून पहिल्यांदा सेव्ह केली, की तिची आधीची अवस्था शेजारीच जपून ठेवली जाते. नाव तेच, शेवटी फक्त टिल्डची लाट. म्हणजे बॅकअप म्हणून मिळतं ते आजचं काम नव्हे, आज काम सुरू करण्याआधीचं. (पुढे त्याच बैठकीत कितीही वेळा सेव्ह करा, एरवी नवी प्रत निघत नाही. हे बऱ्याच जणांना फाइल गेल्यावरच कळतं.)

मला त्या टिल्डांचा वैताग यायचा. आईच्या आठवणी टाइप करत होतो. बारा-तेरा फायली आणि तेवढाच टिल्डांचा केर. एका रात्री तो साफ करायला बसलो. आरएम, स्टार, टिल्ड. स्टार आणि टिल्डच्या मध्ये बोट स्पेसबारवर पडलं. कॉम्प्युटरने सरळ अर्थ लावला: इथल्या सगळ्या फायली पुसा, आणि होम डिरेक्टरीही. होम ही डिरेक्टरी, म्हणून तिला हात लावायला त्याने नकार दिला. फायली मात्र गेल्या, टिल्डांसकट. बॅकअप मूळ फाइलच्या मांडीला मांडी लावून बसला, की दोघं एकदमच जातात.

दुसऱ्या दिवशी सेटिंग बदललं. बॅकअप-डिरेक्टरी-अलिस्ट या व्हेरिएबलमध्ये एक फोल्डर सांगितलं, की सगळ्या प्रती तिथे जमतात. प्रतीच्या नावात मूळ फाइलचा अख्खा पत्ता येतो, तिरप्या रेघांच्या जागी उद्गारचिन्हं. त्यामुळे दोन ठिकाणच्या एकाच नावाच्या फायली एकमेकींवर चढत नाहीत. डिस्कच गेली तर हेही जाणार, ते वेगळं. शिवाय प्रतींना क्रमांक द्यायला लावले. मग ईमॅक्स सर्वांत जुन्या २ आणि सर्वांत नव्या २ ठेवतो. मधल्या काढू का, म्हणून विचारतो.

आईने सगळं पुन्हा सांगितलं. या वेळी धाकट्या काकाच्या कर्जापायी मोडलेल्या पाटल्याही आल्या. पहिल्या वेळी त्या नव्हत्या. पंधरा दिवसांनी म्हणाली, "ते काढ रे. तो आता नाही. त्याच्या पोरांनी कशाला वाचायचं?" मी काढलं.

परवा जागा किती खाल्ली ते बघायला फोल्डर उघडलं. सर्वांत जुन्या दोन्ही प्रतींत पाटल्या होत्या.

पहिली प्रत पुसली. पूर्ण नाव टाइप करून, स्टार न वापरता. दुसरी अजून तशीच आहे. आईने विचारलेलं नाही, मी सांगितलेलं नाही.