अस्वलासाठी पिस्तूल

मे महिन्यात अलास्कातलं बर्फ वितळू लागलं, की अँकरेजच्या बंदुकांच्या दुकानांत एक प्रश्न हमखास कानावर येतो: अस्वलासाठी कोणतं घ्यावं? विचारणारे सगळ्या तऱ्हेचे असतात. सामन मासे धरायला निघालेले, डोंगरात आठवडाभर भटकणारे, नोकरीनिमित्त नुकतेच इथे आलेले. काचेच्या कपाटात उत्तरं मांडून ठेवलेली दिसतात. .44 मॅग्नम 1955 साली आलं आणि आजही पुष्कळ जणांच्या छातीवर तेच असतं. त्याहून दांडगं .454 कॅसूल, रूगर कंपनी त्यासाठी आखूड नळीचं एक रिव्हॉल्व्हर बनवते, त्याचं नावच ‘अलास्कन’. 2003 मध्ये आलेलं स्मिथ अँड वेसनचं .500 लांब नळीचं घेतलं तर दोन किलोच्या आसपास भरतं आणि त्यात गोळ्या मात्र पाचच. दुसऱ्या बाजूला 10 मिलिमीटरचं ग्लॉक 20: वजनाला त्या मानाने हलकं, एका मॅगझिनमध्ये पंधरा गोळ्या. ग्रीनलंडच्या निर्मनुष्य किनाऱ्यावर कुत्र्यांच्या गाडीतून गस्त घालणारं डेन्मार्कचं सिरियस पथक ध्रुवीय अस्वलांच्या भीतीने हेच कमरेला लावतं.

रायफल जास्त ताकदीची, हे इथे सगळ्यांना ठाऊक आहे. पण केनाई नदीत मांडीभर पाण्यात उभं राहून दोन्ही हातांनी गळ सांभाळणाऱ्या माणसाची रायफल काठावरच्या झाडाला टेकलेली असते, आणि अस्वल बहुतेक वेळा त्या झाडाच्याच बाजूने येतं. पाठीवर मोठी सॅक घेतली की तिचा पट्टा कंबर अडवतो. म्हणून छातीवर तिरकं बांधायचं होल्स्टर आलं. हात वर गेला की मूठ सापडली पाहिजे, एवढीच त्यामागची अपेक्षा. ही गरज खरी आहे. पिस्तुलाची निवड करणाऱ्या माणसाला बंदूकवेडा ठरवून मोकळं होणं मला पटत नाही.

ज्या दुकानात मी गेलो होतो, तिथल्या वयस्कर विक्रेत्याने मला आकड्यांत गुंतू दिलं नाही. “तुमच्या मनगटाला काय पेलतं ते आधी बघा,” तो म्हणाला आणि त्याने मला मागच्या रेंजवर नेलं. .44 ची पहिली गोळी बरी गेली. झटक्याने नळी छताकडे वळली, ती खाली आणून पुन्हा नेम धरेपर्यंत जो वेळ गेला, तो मला फार लांब वाटला. करडं अस्वल धावताना ताशी 55 किलोमीटरच्या घरात जातं, म्हणजे सेकंदाला पंधरा मीटर. अल्डरच्या झुडपांतून जाणाऱ्या पायवाटेवर तीस मीटर पुढचं दिसलं तरी नशीब. दोन सेकंद हाताशी असतात. त्यात ओळखायचं, हात वर न्यायचा, ओढायचं, नेम धरायचा आणि चाप दाबायचा. विक्रेत्याने गोळ्यांबद्दलही नीट समजावलं. माणसावर चालवायची पोकळ टोकाची गोळी आत शिरताच फुलते आणि थांबते. अस्वलाची जाड कातडी, चरबी, खांद्याचे स्नायू आणि हाडं भेदायची तर टणक शिशाची, चपट्या टोकाची, न फुलणारी गोळी हवी. 2016 मध्ये अलास्कातल्या एका मुरलेल्या वाटाड्याने अशाच गोळ्या भरलेल्या साध्या 9 मिलिमीटर पिस्तुलाने चालून आलेलं तपकिरी अस्वल थांबवलं. ते पिस्तूल कुणी अस्वलासाठी सुचवत नाही. पण तो माणूस उभी हयात अस्वलांच्या मुलखात काढलेला, आणि गोळी कुठे लागायला हवी हे त्याच्या हाताला माहीत होतं.

मी शेवटी 10 मिलिमीटरचं घेतलं. दुसरी गोळीही मला त्यातून नेमकी मारता येत होती, एवढंच कारण. पण घरी आल्यावर जो विचार सुरू झाला, तो कॅलिबरचा नव्हता.

टॉम स्मिथ आणि स्टीफन हेरेरो या अस्वल-अभ्यासकांचे आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे दोन अभ्यास इथे सारखे उद्धृत होतात. 2008 चा तिखटाच्या स्प्रेवर, 2012 चा बंदुकांवर. पहिल्यात स्प्रेने तपकिरी अस्वलांना दहापैकी नऊहून अधिक वेळा परतवलं होतं. दुसऱ्यात हँडगन 84 टक्के वेळा कामी आली, लांब नळीच्या बंदुका 76 टक्के. स्प्रेवाले पहिला आकडा पुढे करतात, बंदूकवाले दुसरा. पण हे आकडे एकमेकांशेजारी ठेवून निकाल लावता येत नाही. स्प्रेच्या नोंदींत नुसती चौकशी करत आलेली अस्वलंही आहेत. बंदुकीच्या नोंदी 1883 पासूनच्या, आणि जिथे कुणाला काही झालं नाही असे किती प्रसंग कागदावर आलेच नसतील. मला अधिक महत्त्वाचं वाटलं ते दुसऱ्या अभ्यासातलं एक निरीक्षण: अस्वल अंगावर आलं असताना ज्यांनी बंदूक चालवली आणि ज्यांनी जवळ असून चालवली नाही, त्यांच्या इजांत फारसा फरक पडला नव्हता.

टक्केवारीने माझं मन वळवलं नाही. मला अडवलं ते त्या दोन सेकंदांनी. चालून आलेलं अस्वल पुष्कळदा खोटी चाल करतं: जमीन हादरवत येतं, काही पावलांवर थबकतं, फुत्कारतं, वळून निघून जातं. बहुतेक हल्ल्यांमागे पिल्लांची आई असते, नाहीतर मेलेल्या मूसवर बसलेलं, दचकलेलं जनावर. म्हणजे समोरचाही स्वतःचं काहीतरी राखतच असतो. तो थबकणार की नाही, हे त्या क्षणी कुणालाही सांगता येत नाही; चाळीस वर्षं जंगलात काढलेल्यालाही नाही. मग माझा अंदाज चुकला तर ती चूक किती महागात पडेल, हे हत्यार निवडतानाच ठरतं. थबकणार होती त्या मादीवर मी स्प्रे मारला, तर ती शिंकत, डोळे चोळत पळेल आणि तासाभरात पुन्हा पिल्लांजवळ असेल. गोळी मारली, तर दोन-तीन वर्षं आईसोबत राहणारी पिल्लं त्या उन्हाळ्यात एकटी पडतील, आणि त्यांतली लहान असतील ती बहुधा जगणार नाहीत.

अलास्कात जीव वाचवण्यासाठी अस्वल मारायला कायद्याची मुभा आहे. त्यासोबत एक काम येतं, ते दुकानात कुणी सांगत नाही. मेलेल्या अस्वलाचं कातडं नखांसकट सोलायचं, कवटी काढायची आणि दोन्ही राज्याच्या वन्यजीव खात्याकडे जमा करायची, लेखी जबाबासह. आमच्या शेजाऱ्यावर ही वेळ आली. मी त्याच्या मदतीला गेलो होतो. पाऊस होता, सुरी चरबीने सारखी निसटत होती, पुन:पुन्हा धार लावावी लागत होती. पंजा मी हातात धरून ठेवला होता: माझ्या पंजाच्या दुप्पट, तळवा काळा, भेगाळलेला, आणि बोटांच्या मधल्या केसांत सामनचे खवले चिकटलेले. शेजारी त्या दिवशी बरोबरच वागला होता, याबद्दल मला आजही शंका नाही. त्याचा मुलगा त्याच्या मागे उभा होता. पण सोलताना शेजारी एकदाच बोलला: “थांबली असती का रे ती?” याचं उत्तर माझ्यापाशी नव्हतं.

तिखटाचा हा स्प्रे 1980 च्या दशकात मोंटानामध्ये घडला. तिथल्या विद्यापीठात कॅरी हंट या तरुणीने पिंजऱ्यातल्या अस्वलांवर केलेल्या प्रयोगांतून त्याला दिशा मिळाली. घटक मिरचीचाच. त्याचा ढग साडेसात-आठ मीटरपर्यंत जातो, सहा-सात सेकंद टिकतो. नेम चुकला तरी ढग पसरलेला असतो. त्याच्या मर्यादाही सांगायलाच हव्यात. वारा समोरून असला तर पहिला घास आपल्याच घशाला. कडाक्याच्या थंडीत दाब कमी होतो. प्रवासी विमानात तो नेता येत नाही, सामानातही नाही. लहान विमानांचे वैमानिक तो केबिनबाहेर, पाण्यावर उतरणाऱ्या विमानाच्या तराफ्यात ठेवतात. आणि तंबूत मारला तर आतल्या माणसालाच डोळे उघडता येत नाहीत.

माझं आजोळ गडचिरोली जिल्ह्यातलं. तिथे चैत्रात पहाटे मोहफुलं वेचायला बायाबापडे जातात आणि त्याच झाडाखाली अस्वलही येतं. पिस्तूल कुणाकडे असणार? फार तर काठी, कुऱ्हाड. मामा आम्हाला सांगायचे, “पोरांनो, गप्प चालू नका, बोलत चला.” वाळवी उकरण्यात गुंग असलेल्या अस्वलाला माणूस अचानक दिसू नये, एवढीच त्यामागची काळजी, कारण दचकलेलं अस्वल थेट तोंडावर येतं. अलास्कात पहिल्यांदा पायवाटेवर लोक मोठ्याने “हे, बेअर!” ओरडत जाताना ऐकले, तेव्हा मला मामांचाच आवाज ऐकू आला. इथेही अन्न तंबूपासून लांब, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवतात, माशांची आतडी काठावर सोडत नाहीत. 1967 च्या ऑगस्टमध्ये मोंटानातल्या ग्लेशियर राष्ट्रीय उद्यानात एकाच रात्री, दोन वेगळ्या ठिकाणी दोन तरुणींचा अस्वलांनी बळी घेतला. त्याआधी तिथे उरलंसुरलं अन्न आणि कचरा अस्वलांच्या तोंडी लागला होता. उद्यानांनी कचऱ्याचे नियम कडक केले ते त्यानंतर. उलट अलास्कातल्या मॅकनील नदीवर, जिथे सामनच्या मोसमात डझनांनी अस्वलं एकत्र जमतात, 1973 पासून ठरावीक लोकांनाच, वाटाड्यासोबत सोडतात. सगळ्यांनी रोज त्याच वाटेने जायचं, त्याच जागी बसायचं. वाटाड्याकडे बंदूक असते. आजवर तिथे एकाही पाहुण्याला अस्वलाने जखमी केलेलं नाही.

पत्नीचं आणि माझं एका गोष्टीवर बराच काळ पटत नव्हतं. स्प्रे असताना पिस्तूल नकोच, असं मी म्हणू लागलो होतो. तिने मला तंबूचा प्रश्न घातला. “रात्री कापड फाटून आत आलं, तर ते काही खोटी चाल करायला आलेलं नसेल,” ती म्हणाली. तिचं खरं आहे. माणूस झोपलेला असताना तंबूत शिरणारं अस्वल दचकलेलं नसतं, भुकेलेलं असतं; तिथे मेल्याचं सोंग घेऊन चालत नाही, लढावंच लागतं. तेव्हापासून दिवसा वाटेवर दोघांच्याही छातीवर स्प्रे असतो आणि रात्री तंबूत पिस्तूल आणि टॉर्च तिच्या उशाशी, कारण नेम तिचा जास्त पक्का आहे.

अँकरेजला नव्याने येणारी मराठी मंडळी आता मलाच विचारतात, कोणतं घ्यावं. पिस्तुलाचं मी त्यांना सगळं सांगतो, काही लपवत नाही. पण आधी स्प्रेचे दोन डबे घ्यायला लावतो. एक मोकळ्या मैदानात नेऊन, वारा पाठीशी घेऊन, पूर्ण रिकामा करायचा: खटका किती जोराने ओढावा लागतो, ढग कुठे वळतो, सहा सेकंद किती लवकर संपतात, हे हाताला कळेपर्यंत. दुसरा वाटेवर न्यायचा, सॅकच्या आत नाही, छातीवर.