बिनजंपरचा बोर्ड

पीटी २३९९ या इकोच्या चिपचा तीन नंबरचा पाय आणि चार नंबरचा पाय कुठं भेटवायचे, या एका प्रश्नात माझी उमेद गेली. दोन्ही ग्राउंडच, एक आवाजाचं, दुसरं चिपच्या आतल्या घड्याळाचं. चिप काढणाऱ्या तैवानी कंपनीच्या कागदात ते वेगळे दाखवलेत, पुढचं तुमचं तुम्ही बघा. चिपच्या पोटाखालीच जोडले तर भजनी मंडळाच्या माईकात बारीक शिट्टी येते. नको तिथून फिरवून आणले तर हम. हा पन्नास सायकलचा हम पांढरी पाच आणि काळी चार यांच्या मधे कुठंतरी पडतो. पेटीवर ती पट्टीच नाही, म्हणून पेटीवाला पहिला वैतागतो.

त्यात मागणी एकच. औंढा असो, सेनगाव असो, नर्सी असो, ‘इको लांब द्या.’ सहा नंबरच्या पायावरचा रेझिस्टन्स वाढवला की इको लांबतो, पण घड्याळ संथ होतं. तीसेक मिलिसेकंदांना ते बावीस मेगाहर्ट्झनं पळतं. साडेतीनशेच्या जवळ नेलं की दोनवर येतं, आणि अभंगाच्या प्रत्येक ओळीच्या शेपटीला खरखर लागते. मी लांब देत नाही. गिऱ्हाईक दुसरीकडं जातं.

घरी करायचा बोर्ड म्हणजे तांबं एकाच बाजूला. ट्रॅकला ट्रॅक ओलांडता येत नाही. ओलांडायचाच तर वरून तारेचा जंपर. टाकणारे खुशाल टाकतात. मला जंपर दिसला की सगळा लेआउट पुसून पहिल्यापासून काढावासा वाटतो. शेवटी दोन्ही ग्राउंड शेजारी शेजारी चालवत सप्लायच्या मोठ्या कंडेन्सरच्या मायनसला नेऊन मिळवले, तेही एकही जंपर न टाकता. तो लेआउट मी बरीच वर्षं कुणाला दाखवला नाही.

गेल्या पावसाळ्यापासून उजवा हात थरथरतो. पॉइंट आठचं बिट लावून ड्रिल टेकवली की पॅडच उखडतं. म्हणून लेआउट आता कळमनुरीचं एक पोरगं काढतं, कॉम्प्युटरवर, कीकॅडमध्ये. बोर्ड फॅक्टरीतून छापून येतो, दोन्ही बाजूंना तांब्याचा, हिरवागार. माझ्या बोटांवरचे तांबं खाणाऱ्या फेरिकचे पिवळे डाग बघून त्याला हसू येतं. म्हणतं, ‘काका, ग्राउंडला वाट काय म्हणून शोधायची? खाली सगळीकडं तांबंच सोडू की.’

सोडलं. टेबलावर बोर्ड इतका गप्प होता की मला राग आला. मग डब्यात बसवला, ४४४०च्या अँप्लिफायरशेजारी, आणि घुर्र करून हम आला. बोर्डाच्या कोपऱ्यातला स्क्रू पत्र्याला टेकत होता, इकडं माईकच्या जॅकची बॉडीही पत्र्यालाच. ग्राउंडला दोन वाटा मिळाल्या की त्यांतून करंट फिरणारच. कॉम्प्युटरवर डबा कुठं दिसतो? मला फार बरं वाटलं. तोंडावर काही दिसू दिलं नाही. स्क्रूखाली प्लास्टिकचा वायसर टाक, एवढंच म्हणालो.

या पोराचे दोस्त नांदेड, परभणीला आहेत. दोन ५५५ चिप घेऊन किंचाळणारे डबे करतात, त्याला संगीत म्हणतात. चरणजित सिंग यांनी १९८२ साली मुंबईत रोलँडच्या यंत्रांवर दहा राग डिस्कोच्या ठेक्यात वाजवले, ती रेकॉर्ड ही पोरं माझ्या दुकानात लावतात. भैरवी ऐकून मी गप्प बसलो, वाईट नव्हती. यांच्यात कुणी लेआउट लपवत नाही. अमेरिकेत रे विल्सन नावाचा माणूस सिंथेसायझरच्या बोर्डांचे नकाशे असेच सगळ्यांना देऊन २०१६ साली गेला, हे त्यांच्याकडूनच कळलं. तर या पोरानं माझा बिनजंपरचा लेआउटही वाटून टाकला. विचारलं नाही.

विचारायचं तरी कशाला? मी शिकलो ते ‘इलेक्ट्रॉनिक्स फॉर यू’च्या रद्दीतल्या अंकांवर. १९६९ पासूनचं मासिक. सर्किटबरोबर नेमक्या मापाचा लेआउट छापलेला असायचा. झेरॉक्स काढायची, कार्बननं तांब्यावर उतरवायची, ऑइलपेंटनं गिरवायची. फुकटात शिकलेला मीच पुढं माझ्या बोर्डावरच्या चिपचे नंबर पॉलिशपेपरनं घासायला लागलो. इकोच्या बोर्डावर सोळा पायांची दुसरी कोणती चिप असणार, हे शाळकरी पोरालाही कळतं, तरी घासायचो. आणि तांब्याच्या एका कोपऱ्यात झांजांचा जोड कोरायचो, माझी खूण. नंबर घासण्याला धंदा म्हणता येईल. झांजांना काय म्हणणार?

बाजारात आता तयार इकोचे बोर्ड मिळतात. त्यांत दोन्ही ग्राउंड सर्रास चिपखालीच जोडलेले. डीजेवाल्यांबद्दल तर मी बोलतच नाही. त्या दणक्यात हम ऐकू येण्याची सोयच नाही.

मध्यंतरी वाशिमकडून एक बोर्ड दुरुस्तीला आला. माझाच लेआउट, कुणीतरी नव्यानं काढलेला. झांजा गाळल्या होत्या, ते लागलं. पण तीन नंबरच्या ट्रॅकला एक वळसा आहे, तो होता तसा ठेवला होता. तो वळसा जाड कंडेन्सरला जागा करून द्यायला घेतलेला. तेव्हा त्या किमतीचा कंडेन्सर तेवढाच जाड मिळायचा. आता बोटाच्या पेराएवढा मिळतो, वळशाला काही काम उरलेलं नाही. तरी बघेन त्या नकलेत तो आहेच. पोरांत असं झालंय की आवाजाची गोडी त्या वळशात आहे. परवा परभणीहून एकाचा फोन आला, काका, वळशाचा कोन किती ठेवू?

मी जरा थांबलो आणि म्हणालो, ‘पंचेचाळीस. कमी-जास्त करू नको.’