चाकण ते गुलमर्ग : हेल्मेट घातलंय ना?

चाकणच्या एखाद्या मोठ्या प्लांटमध्ये सेफ्टी शूज न घालता शिरून दाखवा. गेटवरचा सिक्युरिटीवालाच परत पाठवेल. पण हीच मंडळी फेब्रुवारीत गुलमर्गला जातात, भाड्याच्या स्की पायात अडकवतात आणि डोक्यावर नुसती लोकरीची टोपी चढवून उतारावर सुटतात! मीही पहिल्या दिवशी अशीच सुटले होते. सोबतचा मित्र चाकणला क्वालिटीत. रोज दहा जणांना ‘पीपीई कुठंय?’ म्हणून झापणारा. त्याच्याही डोक्यावर टोपीच. दहा मिनिटांत दोघंही आडवे. नशीब, बर्फ मऊ होता.

तेव्हा यंदा ‘लोणावळा बास, आता स्कीइंग’ असा बेत शिजत असेल, तर थोडा होमवर्क कराच.

मुख्य पर्याय दोन. उत्तराखंडातलं औली आणि काश्मिरातलं गुलमर्ग. औलीचे उतार नवशिक्यांना बरे. पण 2023 च्या जानेवारीत जोशीमठमधल्या घरांना तडे गेले आणि तिथून औलीला जाणारा रोपवे बंद करावा लागला. ज्या गावाखालची जमीनच खचतेय, तिथे आपण लाँग वीकेंडची गर्दी घेऊन जायचं का, हा प्रश्न बुकिंगआधी स्वतःला विचारलेला बरा.

गुलमर्ग साधारण 2,650 मीटरवर. गोंडोलाचा पहिला टप्पा कोंगडोरीपर्यंत, दुसरा थेट अफरवाटच्या खांद्यावर, जवळपास 3,950 मीटरवर. आणि आपण राहतो सहाशे मीटरच्याही खाली! शुक्रवारी सेकंड शिफ्ट संपवून शनिवारी विमान, रविवारी अफरवाट, असं केलंत तर डोकं ठणकणारच. पहिला दिवस आराम, भरपूर पाणी. ‘बसायचा’ कार्यक्रम परतीच्या आदल्या रात्री ठेवा.

दुसरा टप्पा नवशिक्यांसाठी नाहीच. तिकीट मिळतं म्हणून तिथून स्की करत उतरायचं नसतं. तिथला बराचसा उतार म्हणजे उघडा डोंगर. तीस ते पंचेचाळीस अंशांचा चढ, वर ताजा बर्फ आणि वारा, हे जमलं की हिमस्खलनाची भीती आलीच. 1 फेब्रुवारी 2023 ला अफरवाटवर दोन पोलिश स्कीअर गेले. 22 फेब्रुवारी 2024 ला खिलनमर्ग भागात एक रशियन. बर्फाखाली गाडला गेलेला माणूस पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढला तर वाचण्याची आशा चांगली, नंतर ती झपाट्याने घसरते. म्हणजे बचाव पथक येईपर्यंत थांबून चालत नाही, शोधायचं सोबतच्यांनीच. त्यासाठी प्रत्येकाकडे बीकन, प्रोब आणि फावडं हवं, आणि ते वापरताही यायला हवं. डीआरडीओची डीजीआरई ही संस्था हिमस्खलनाचा इशारा देते. तो सकाळी चहाबरोबर वाचा. वर्षभर ‘नियर मिस’चे फॉर्म भरणाऱ्यांना वेगळं काय सांगायचं?

शिकायचं तर रीतसर शिका. केंद्रीय पर्यटन मंत्रालयाची इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ स्कीइंग अँड माउंटेनियरिंग गुलमर्गमध्येच आहे. कोर्सच्या तारखा आधी बघा, मग रजेचा अर्ज टाका. उलटं केलंत की फसलात. तारखा घट्ट धरूनही बसू नका, 2024 च्या जानेवारीत गुलमर्ग चक्क कोरडं होतं.

तयारी इथेच करा. निगडीची दुर्गा टेकडी, नाहीतर घोरावडेश्वर. चढण्यापेक्षा उतरण्यावर भर द्या, मांड्या तिथेच बोलायला लागतात. इन्शुरन्समध्ये स्कीइंग धरलंय का, हे बारीक अक्षरांत वाचा. प्रीपेड सिम तिकडे चालत नाही, ग्रुपमध्ये एक तरी पोस्टपेड हवं. आणि हो, थंडीत स्लेज ओढणाऱ्याशी पन्नास रुपयांसाठी हुज्जत घालू नका राव.

भाड्याच्या दुकानात बाइंडिंग मात्र तपासून घ्या. पडल्यावर त्यातून बूट सुटला पाहिजे, नाहीतर गुडघा जातो. ते आपल्या वजनाप्रमाणे सेट करावं लागतं. माझा क्वालिटीवाला मित्र आता दुकानात शिरला की आधी स्वतःचं वजन सांगतो आणि टॉर्क चेक केल्यासारखा बाइंडिंगचा आकडा बघत बसतो. दुकानदार हसतो. हसू दे.