निबंधावरचं शाळेचं नाव

आम्ही दोघी जावा एकाच उर्दू शाळेत शिकवत होतो. आपल्या मुलांचं मराठी अडतं कुठे, तर बऱ्याचदा लिंगात. उर्दूत लिंगं दोन, मराठीत तीन. घरी ‘किताब अच्छी है’ म्हणणारं लेकरू वर्गात ‘पुस्तक चांगली आहे’ लिहितं, त्यात त्याचा काय गुन्हा? दोन वर्षं आठवीच्या वह्या जमवल्या, अशा चुका वेगळ्या काढल्या आणि शोधनिबंध लिहिला. मार्चमध्ये तो छापून आला. आमच्या नावांखाली शाळेचं नाव. अब्बांनी मोहल्ल्यात मिठाई वाटली.

जूनमध्ये आम्ही दुसऱ्या संस्थेत रुजू झालो. तिथले सचिव निबंध पाहून खूश. म्हणाले, “बाई, यावर आता आपल्या शाळेचं नाव घालून घ्या. अहवालात दाखवता येईल.” नोकरी नवी, आणि कायम होण्याच्या कागदावर सही त्यांचीच. रात्री ओट्यापाशी बराच वेळ कुजबुज चालली. धाकटी म्हणाली, “भाभी, एक नाव तर आहे, बदलून टाकू.” थोरलीला मात्र जुन्या मुख्याध्यापकांनी दिलेले मोकळे तास आठवत होते आणि पालकांनी विश्वासानं केलेल्या सह्या.

अब्बा बाहेरून ऐकत होते. “इमाम बुखारी समरकंदजवळ दफन आहेत. म्हणून कुणी त्यांना समरकंदी म्हणतं का?” दाखला तंतोतंत लागू नव्हता, ते तर जन्मगावाचं नाव, पण हसू आलं.

शेवटी संपादकांनाच विचारलं. काम जिथे झालं तिथलंच नाव राहतं, असं उत्तर आलं. नोकरी बदलणं ही छपाईतली चूक नव्हे, म्हणून शुद्धिपत्रकही नाही. बदल छपाईआधी झाला असता तर तळटीपेत ‘सध्याचा पत्ता’ देता आला असता.

खरी पंचाईत वेगळीच निघाली. निबंधावर शाळेचा ईमेल होता आणि शाळा सोडताच तो बंद झाला. वाचकानं शंका विचारायची कुठे? स्वतःचा ईमेल द्यायला हवा होता, हे आम्हा बीएडवाल्यांना कुणी शिकवलं नव्हतं. आता दोघींनी ऑर्किडचा १६ अंकी क्रमांक काढला आहे. पैसे पडत नाहीत, नोकरी बदलली तरी क्रमांक तोच राहतो, आणि तिथे जुनी-नवी दोन्ही शाळा तारखांसह लिहिता येतात.

बिस्मिल्लाह म्हणून सचिवांकडे गेलो. म्हटलं, “सर, ते नाव त्या शाळेची अमानत आहे. अहवालात ‘आमच्या शिक्षिकांचा पूर्वीच्या शाळेतला निबंध’ असं खुशाल लिहा. पुढच्यावर आपलं नाव येईल, इन्शाअल्लाह.”

“बघू,” एवढंच म्हणाले. सही अजून व्हायची आहे. इथल्या आठवीच्या वह्या मात्र आम्ही जमवायला घेतल्या आहेत.