गाडी निघण्यापूर्वी

माझा भाचा गेल्या वर्षी सीमा रस्ते संघटनेत ड्रायव्हर म्हणून लागला आणि त्याची नेमणूक लडाखकडे झाली. बातमी कळली तशी माझ्या धाकट्या बहिणीने फोन केला. नोकरी लागल्याचा आनंद होताच, पण तिने पहिला प्रश्न विचारला तो असा, "दादा, तिकडे बर्फात गाडी घसरते म्हणतात. खरं का?" मी सैन्यात ड्रायव्हर होतो. लेह-कारगिल भागात दोन हिवाळे शक्तिमान ट्रक चालवला आहे. तिला खोटा धीर देणे मला जमले नाही. मी म्हणालो, "घसरते गं. पण घसरण्याआधी माणसाला पुष्कळ काही करता येतं."

हे पुष्कळ काही म्हणजे काय, ते सांगण्यासाठी हा लेख. आपल्या वस्त्यांतली, खेड्यांतली कितीतरी मुले या लाइनीत जातात. कोणी फौजेत, कोणी सीमा रस्त्यावर, कोणी ट्रकवर. आणि अलीकडे आपली कुटुंबेही डिसेंबरच्या सुट्टीत गुलमर्ग, सोनमर्ग, मनाली पाहायला जाऊ लागली आहेत. तेव्हा स्टिअरिंगवर बसणाऱ्याने आणि मागच्या सीटवर बसणाऱ्याने, दोघांनीही हे जाणून घेतलेले बरे.

आमच्याकडे ड्रायव्हरची हुशारी घाटात, वळणावर पाहतात. बर्फाच्या मुलुखात ती शेडमध्ये दिसते. हिवाळ्याची तयारी आम्ही सप्टेंबरातच सुरू करत असू. पहिले काम रेडिएटरचे. पाण्याचा बर्फ होताना त्याचे आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढते. नुसते पाणी भरलेली गाडी रात्रभर उघड्यावर राहिली, तर वाढणाऱ्या बर्फापुढे रेडिएटरच काय, इंजिनाचा ओतीव लोखंडी ब्लॉकसुद्धा तडकतो. म्हणून त्यात अँटी-फ्रीज घालतात. त्यातला मुख्य पदार्थ इथिलीन ग्लायकॉल. निम्मे पाणी आणि निम्मे ग्लायकॉल असे मिश्रण शून्याखाली ३५ अंशांपर्यंत तग धरते. पण कोणी म्हणेल, जास्त घातले तर जास्त चांगले, तर तसे नाही. निव्वळ ग्लायकॉल शून्याखाली १३ अंशांच्या आसपासच गोठते. प्रमाण हेच औषध. शिवाय ते चवीला गोड आणि पोटात गेले तर विष आहे. त्याचा डबा मुलांच्या हाताला लागेल असा कधी ठेवू नये. अँटी-फ्रीज मिळाले नाही, तर संध्याकाळी सगळे पाणी काढून टाकायचे आणि स्टिअरिंगला पाटी अडकवायची, "पाणी काढले आहे." पाटी यासाठी की, सकाळी दुसराच कोणी घाईने इंजिन चालू करू नये.

दुसरे काम डिझेलचे. डिझेलमध्ये मेणासारखा अंश असतो. थंडी वाढली की तो घट्ट होतो, डिझेल गढूळ दिसते, मग दाटते आणि फिल्टर तुंबतो. टाकी भरलेली असूनही गाडी जागची हलत नाही. त्या काळी डिझेलमध्ये थोडे रॉकेल मिसळत. त्याने काम भागे, पण पंपाला मिळणारे वंगण कमी होऊन तो झिजे. याहून वाईट म्हणजे टाकीखाली शेकोटी पेटवणे. थंडीने हात बधिर झालेला माणूस काय वाटेल ते करायला तयार होतो, हे मी पाहिले आहे. पण टाकीखालची आग ही गाडी, माल आणि माणूस तिन्ही घेऊन जाऊ शकते. आता परिस्थिती सुधारली आहे. नोव्हेंबर २०१९ मध्ये इंडियन ऑइलने लडाखसाठी हिवाळी डिझेल बाजारात आणले. ते शून्याखाली ३३ अंशांपर्यंत वाहते राहते. खाली मैदानात टाकी काठोकाठ भरून वर जाणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे. त्याच्या टाकीत मैदानी डिझेल असते.

बॅटरी थंडीत अर्धी होते असे आम्ही म्हणत असू. शून्य अंशालाच तिची सुमारे एक तृतीयांश ताकद जाते, आणि नेमके त्याच वेळी तेल घट्ट झाल्यामुळे इंजिन फिरवायला जास्त ताकद लागते. उतरलेली बॅटरी तर गोठून फुटूही शकते, भरलेली सहसा गोठत नाही. म्हणून ती भरलेली ठेवावी, तिची टोके साफ ठेवावीत. इंजिन ऑइलच्या डब्यावर '५ डब्ल्यू ३०' असे लिहिलेले असते, त्यातला 'डब्ल्यू' हिवाळ्याचा आहे. तो आधीचा आकडा जितका लहान, तितके तेल थंडीत पातळ राहते. एअर ब्रेकच्या गाडीत हवेच्या टाक्यांत पाणी साचते. ते रोज काढले नाही, तर नळीत त्याचा बर्फ होतो आणि ब्रेक ऐन वेळी दगा देतो. रात्री गाडी उभी करताना हँडब्रेक ओढून ठेवू नये, ओले लायनर ड्रमला चिकटून गोठतात. गाडी सपाट जागी, गिअरमध्ये ठेवावी आणि चाकांना लाकडी ठोकळे लावावेत.

टायरकडे आपले दुर्लक्ष असते. तापमान पाच-सहा अंशांनी उतरले की टायरची हवा सुमारे एक पौंडाने उतरते. खाली २० अंशांत भरलेली हवा वर उणे १५ मध्ये सहा पौंडांनी कमी भरते. साखळ्यांविषयी आमच्या उस्तादांचा नियम होता : बर्फ लागल्यावर नव्हे, बर्फ लागण्यापूर्वी, सपाट जागी साखळ्या चढवा. इंजिन ज्या चाकांना फिरवते त्यांना त्या लागतात. थोडे अंतर गेल्यावर उतरून पुन्हा आवळाव्या लागतात. साखळ्या लावून पळायचे नसते आणि कोरड्या डांबरावर त्या काढून ठेवायच्या असतात. उस्ताद आमच्याकडून हे काम उघड्या हातांनी, अंधारात, पुन्हा पुन्हा करून घेत. तेव्हा राग येई. पुढे कळले की, जे काम उजेडात दहा मिनिटांचे आहे ते वाऱ्यात, गोठलेल्या बोटांनी करताना तासाचे होते, आणि तो तास घाटात मिळेलच असे नाही.

आता ड्रायव्हरची तयारी. लेह सुमारे साडेअकरा हजार फुटांवर आहे. फौजेत वर आलेल्या जवानाला पहिल्या टप्प्यात सहा दिवस उंचीची सवय करून देतात, मगच कामाला लावतात. विरळ हवेत झोप नीट लागत नाही, विचार मंदावतो. अशा डोक्याने स्टिअरिंग धरणे म्हणजे ब्रेक नसलेली गाडी बाहेर काढण्यासारखे आहे. दारूने ऊब येते हा भ्रम आहे. कातडीकडे रक्त धावते म्हणून गरम वाटते, शरीर मात्र आतून थंड होत जाते. बर्फावरच्या उन्हाने डोळे जातात, म्हणून काळा चष्मा हा तिकडे शौक नसून अवजार आहे.

चालवण्याचे शास्त्र थोडक्यात सांगतो. निसरड्या जागेवर गाडी दुसऱ्या गिअरमध्ये हळूच सोडावी. उतार लागण्याआधीच खालचा गिअर टाकावा आणि इंजिनाच्या ओढीने वेग धरावा. एकदम ब्रेक नाही, एकदम स्टिअरिंग नाही, एकदम रेस नाही. कोरड्या रस्त्यापेक्षा बर्फावर गाडी थांबायला दहापट अंतरही लागू शकते, तेव्हा पुढच्या गाडीशी सलगी नको. पांढरा बर्फ दिसतो तरी. खरा वैरी तो काचेसारखा पातळ थर, जो रस्त्याच्याच रंगाचा दिसतो. तो पुलावर, डोंगराच्या सावलीतल्या वळणावर, रस्ता ओलांडणाऱ्या नाल्याच्या पाण्यावर धरतो. आणखी एक गोष्ट पुष्कळांना खरी वाटत नाही. कडक थंडीतल्या बर्फापेक्षा शून्याच्या आसपासचा, वर पाणी सुटलेला बर्फ जास्त निसरडा असतो. ऊन पडले, आता धोका गेला, असे म्हणणारा तिथेच फसतो.

आमच्या तुकडीत एक गढवाली हवालदार होते. एकदा दुपार कलल्यावर एका पाहुण्या साहेबांना खिंडीपलीकडे जायचे होते. हवालदार रस्ता पाहून आले आणि म्हणाले, "आज गाडी जाणार नाही." साहेब चिडले. हवालदारांनी वाद घातला नाही. फक्त विनंती केली की, साहेबांनी ते नाल्याचे वळण स्वतः चालून पाहावे. साहेब गेले. चौथ्या पावलाला घसरून खाली बसले. उठले, कपडे झटकले आणि मुकाट्याने परत आले. दुसऱ्या दिवशी मजुरांनी वाळू टाकल्यावर दहाच्या सुमारास गाडी निघाली आणि सुखरूप पोहोचली. हुद्द्याने हवालदार कितीतरी खाली, पण त्या वळणावर त्यांचा शब्द मोठा होता, कारण त्यांनी रस्ता पाहिला होता. बर्फात गाडी चालवायला धाडस लागते असे लोक समजतात. माझ्या मते, त्याहून मोठे धाडस "आज नाही" असे म्हणायला लागते.

सगळ्यांच्या वाट्याला असा समजून घेणारा साहेब येत नाही. नोव्हेंबरात, खिंड बंद होण्याच्या तोंडावर, एक खासगी ट्रक आमच्या तळाजवळ अडकला होता. मालकाची घाई होती म्हणून निघालेला. रात्री ड्रायव्हर आणि क्लीनर काचा बंद करून, उबेसाठी इंजिन चालू ठेवून झोपले. बर्फ पडत राहिला, सायलेन्सरचे तोंड बुजले आणि धूर केबिनमध्ये शिरला. त्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला ना वास ना रंग. पहाटे आम्ही दार उघडले तेव्हा क्लीनरमध्ये धुगधुगी होती, तो वाचला. ड्रायव्हर गेला होता. वरच्या खिशात मुलीच्या शाळेची फी भरल्याची पावती होती. जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानातल्या मरी या थंड हवेच्या गावी बर्फात अडकलेल्या मोटारींत वीसहून अधिक माणसे मेली. त्यांत लहान मुलेही होती. ती बातमी वाचली तेव्हा मला ती पावती आठवली. म्हणून सांगतो, अडकलात तर आधी सायलेन्सरभोवतीचा बर्फ काढा, इंजिन थोडा थोडा वेळच चालवा, एक काच बोटभर उघडी ठेवा आणि सगळ्यांनी एकदम झोपू नका. गाडीत फावडे, दोर, वाळूची पिशवी, टॉर्च, घोंगड्या, पाणी आणि कोरडे खाणे असू द्या. मीठ नको, फार थंडीत साधे मीठ बर्फ वितळवीत नाही. चाकाला पकड देते ती वाळू.

पूर्वी झोजिला हिवाळ्यात पाच-सहा महिने बंद असे. २०२५ मध्ये ती केवळ ३२ दिवसांत पुन्हा खुली झाली. ३ ऑक्टोबर २०२० रोजी रोहतांगखालचा ९.०२ किलोमीटरचा अटल बोगदा सुरू झाला. ही प्रगती खरी आहे आणि तिच्यामागे झारखंडच्या दुमका भागातून जाणाऱ्या मजुरांचे हात आहेत, हे विसरू नये. पण रस्ता जितका जास्त दिवस उघडा, तितके जास्त ड्रायव्हर बर्फावर. डिसेंबर २०२४ मध्ये सोलंग ते अटल बोगदा या रस्त्यावर सुमारे हजार गाड्या बर्फात अडकल्या. त्यांत बहुतेक सहलीला आलेले लोक होते. बोगदा डोंगर टाळतो, बोगद्याच्या तोंडाशी पडलेला बर्फ टाळत नाही.

म्हणून सहलीला जाणाऱ्या आपल्या बंधू-भगिनींना विनंती आहे. तनमर्गच्या नाक्यावर, बर्फ पडत असताना, साखळ्या नसलेली गाडी गुलमर्गकडे सोडत नाहीत, तेव्हा तिथल्या माणसाशी हुज्जत घालू नका. हॉटेलचे पैसे बुडतील, विमान चुकेल, म्हणून ड्रायव्हरच्या मागे लागू नका. सकाळी निघताना त्याची झोप झाली का, तो जेवला का, एवढे विचारा. तो गाडीभोवती फिरून टायर पाहत असेल, तर घड्याळाकडे बोट दाखवू नका.

आणि ज्या घरातला मुलगा या कामावर आहे, त्या घराने त्याला फोनवर "लवकर पोहोच" असे म्हणू नये. "उशीर झाला तरी चालेल" असे म्हणावे. मालक म्हणणार नाही, प्रवासी म्हणणार नाही. निदान घरच्यांनी तरी म्हणावे.